थेट प्रक्षेपणात फ्रेम का गळतात? घरगुती संगणकावरून उत्सव दाखविणाऱ्यांसाठी माहिती व उपाय



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि उज्जैनातील लहानमोठ्या सर्व देवस्थानांची दारे भाविकांसाठी बंद झाली. श्री महाकालेश्वराचे दर्शन त्या काळात इंटरनेटवरून घडत होते, हे आपण जाणताच. मोठ्या देवस्थानांजवळ त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा व प्रशिक्षित मंडळी असतात. आमच्यासारख्या लहान न्यासाजवळ मात्र एक घरगुती संगणक, एक कॅमेरा आणि उत्साही तरुणांचे साहाय्य एवढीच सामग्री होती. दारे उघडली तरी थेट प्रक्षेपणाची प्रथा चालू राहिली. वार्धक्यामुळे जिना उतरू न शकणारे, तसेच पुणे, इंदूर किंवा परदेशी स्थायिक झालेले भाविक आता त्यावरच विसंबून असतात.

आपल्या घरचे कीर्तन, मौंजीबंधन अथवा सत्यनारायण अशाच रीतीने दाखविणारी अनेक कुटुंबे आम्हांस विचारतात, "चित्र अडखळते, काय करावे?" प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. संगणकाचे शास्त्र आम्ही चुका करीत शिकलो. त्या चुका इतरांनी पुन्हा करू नयेत, एवढाच हेतू.

१. फ्रेम म्हणजे काय आणि ती गळते म्हणजे काय होते

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक वेगाने दाखविलेली स्थिर चित्रे होत. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात. थेट प्रक्षेपणात बहुधा सेकंदास ३० फ्रेम पाठविल्या जातात. म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्यास सुमारे ३३ सहस्रांश सेकंद येतात. आपल्या जुन्या कालगणनेत घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे. त्या हिशेबाने एका विपळात १२ फ्रेम बसतात. एवढ्या अल्प अवधीत प्रत्येक फ्रेम टिपली, रचली, आकुंचित केली आणि रवाना केली गेली पाहिजे. जिला वेळ पुरत नाही ती वगळली जाते. तिलाच गळालेली फ्रेम म्हणावयाचे.

सर्व फ्रेम सारख्या नसतात, हेही ध्यानी घ्यावे. अधूनमधून एक संपूर्ण चित्र जाते. त्यास कीफ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये केवळ "आधीच्या चित्रात काय बदलले" एवढीच नोंद असते. त्यामुळे मधली एखादी फ्रेम हरवली की तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या फ्रेमही निरुपयोगी ठरू शकतात आणि पुढील कीफ्रेम येईपर्यंत चित्र थिजते. दोन कीफ्रेममधील अंतर साधारणपणे २ सेकंद ठेवण्याचा प्रघात याच कारणास्तव आहे.

एका तासात ३० फ्रेमच्या गतीने १,०८,००० फ्रेम होतात. त्यांपैकी १ टक्का गळाल्या तर ३६ सेकंदांचे चित्र गेले. तासाभरात विखुरलेली ही ३६ सेकंदे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. परंतु तीच सलग गेली तर सारा उत्सव गेल्यासारखे वाटते.

२. आमची चूक

दिनांक २ एप्रिल २०२० रोजी रामनवमी होती. उत्सव पुजाऱ्यांच्या निवासस्थानी, केवळ घरच्या मंडळींत झाला आणि त्यांच्याच संगणकावरून प्रक्षेपण केले. सकाळपासून कीर्तन उत्तम दिसत होते. माध्यान्ही बारा वाजता रामजन्म झाला, पाळण्याची दोरी ओढली, फुले व गुलाल उधळला, आणि नेमके त्या क्षणी चित्र थांबले. पाळण्याचे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. पडद्यावर मात्र अर्ध्या उचललेल्या हाताचे एकच चित्र गोठून राहिले. न्यू जर्सीत त्या वेळी पहाटेचे अडीच वाजले होते. तेथील एका वृद्ध भगिनी केवळ त्या क्षणासाठी रात्रभर जागल्या होत्या. त्यांचा निरोप आला: "ऐकला, पण दिसला नाही."

आम्ही दोष इंटरनेटला दिला आणि अधिक वेगाची, अधिक दराची जोडणी घेतली. त्याच वर्षी गोकुळाष्टमीस मध्यरात्री फुले उधळताच चित्र पुन्हा थांबले. तेव्हा कोठे आम्ही संगणकातील नोंदवही उघडून पाहिली. इंटरनेटवर गळालेल्या फ्रेमची संख्या दोन्ही वेळा शून्य होती. दोष आमच्या जुन्या संगणकाचा होता.

कारण असे. कीर्तनकारबुवा एका जागी उभे असतात, मागील भिंत हलत नाही. चित्रात बदल थोडा, म्हणून संगणकाचे कामही थोडे. फुले आणि गुलाल उडाला की चित्राचा जवळजवळ प्रत्येक कण क्षणोक्षणी बदलतो आणि ते आकुंचित करण्याचे काम एकाएकी वाढते. काठावर चालणारा संगणक तेथे मागे पडतो. जाणाऱ्या प्रवाहाचा वेग आम्ही स्थिर ठेवलेला असल्याने इंटरनेटवर त्या क्षणी अधिक भार पडतच नव्हता. जोडणीवर केलेला खर्च व्यर्थ गेला.

यातून एकच बोध घ्यावा: फ्रेम कोठे गळते हे पाहिल्याखेरीज काहीही बदलू नये, काहीही विकत घेऊ नये. वैद्यकात निदान आधी व औषध नंतर. येथेही तोच क्रम.

३. निदान कसे करावे

घरगुती प्रक्षेपणासाठी बहुतेक मंडळी ओबीएस स्टुडिओ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरतात. पुढील विवेचन त्यास धरून आहे. त्यातील ‘डॉक्स’ या यादीत ‘स्टॅट्स’ नावाची खिडकी आहे. प्रक्षेपण चालू असताना ती उघडी ठेवावी. तीत गळालेल्या फ्रेमचे तीन निरनिराळे आकडे दिसतात:

(अ) ‘नेटवर्क’ या शब्दासह दिलेला आकडा. फ्रेम तयार झाली होती, परंतु इंटरनेटवरून वेळेत जाऊ शकली नाही.
(आ) ‘एन्कोडिंग लॅग’. चित्र रचले गेले, परंतु आकुंचित करण्यास संगणकास वेळ पुरला नाही.
(इ) ‘रेंडरिंग लॅग’. निरनिराळे घटक एकत्र करून चित्र रचण्यासच ग्राफिक्स यंत्रणेस विलंब झाला.

प्रक्षेपण संपल्यावर हेच आकडे नोंदवहीत, म्हणजे लॉग फाइलमध्ये, लिहिले जातात. ‘हेल्प’ या यादीतून ती उघडता येते. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी सोपी परीक्षा करावी: त्याच मांडणीत प्रक्षेपण न करता दहा मिनिटे केवळ मुद्रण करावे आणि पाहावे. संगणकात साठविलेले मुद्रण सुरळीत, परंतु प्रक्षेपण अडखळते, तर संशय इंटरनेटवर घ्यावा. मुद्रणही अडखळत असेल तर दोष घरातच आहे; इंटरनेट पुरविणाऱ्यास दूरध्वनी करण्यात अर्थ नाही. मुद्रणाच्या वेळी कॅमेऱ्यासमोर थोडी हालचाल अवश्य करावी. रिकाम्या देव्हाऱ्याची परीक्षा नेहमीच उत्तीर्ण होते.

४. इंटरनेटवर गळणाऱ्या फ्रेम

पहिली गोष्ट: आपणास चढता वेग, म्हणजे अपलोड, पाहावयाचा आहे. जाहिरातीतील मोठा आकडा बहुधा उतरत्या वेगाचा असतो. वेगाची चाचणी प्रक्षेपणाच्याच वेळी, तीन-चार वेळा करावी आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा मानावा. प्रवाहाचा वेग, म्हणजे बिटरेट, त्या आकड्याच्या सुमारे ७० टक्क्यांहून अधिक ठेवू नये.

७२० रेषांच्या चित्रास सेकंदास ३० फ्रेमच्या गतीने २,५०० किलोबिट हा घरगुती उपयोगासाठी समाधानकारक वेग होय. ध्वनीचे १२८ किलोबिट धरून एका तासास सुमारे १.२ गिगाबाइट खर्च होतात. मोबाइलच्या जोडणीवरून प्रक्षेपण करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. बिट व बाइट यांत आठपटींचा फरक आहे, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट: संगणक व राऊटर केबलने जोडावेत. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफाय लहरी क्षीण होतात आणि शेजाऱ्यांच्या लहरी त्यांत मिसळतात. वेगाची चाचणी उत्तम येऊनही वायफायवर मधूनच काही क्षण खंड पडतो. प्रक्षेपणास तेवढा खंड पुरेसा होतो. केबल शक्य नसेल तर निदान २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झची लहर वापरावी व संगणक राऊटरच्याच खोलीत ठेवावा.

तिसरी गोष्ट: घरातील इतर उपकरणे पाहावीत. उत्सवाच्या दिवशी पाहुण्यांचे दहा मोबाइल घरच्या वायफायला जोडलेले असतात आणि काढलेली छायाचित्रे आपोआप वर चढवीत असतात. चढता वेग तेथेच संपतो. प्रक्षेपणापुरता पाहुण्यांना संकेतशब्द देऊ नये. यात अनादर नाही.

दोष घरात की घराबाहेर हे ठरविण्यासाठी संगणकावरून राऊटरच्या पत्त्यावर सतत ‘पिंग’ करून पाहावे. उत्तरे तेथेच चुकत असतील तर केबल किंवा वायफाय दोषी. राऊटरपर्यंत सर्व सुरळीत आणि पुढे खंड, तर पुरवठादारास कळवावे; हाती हा पुरावा असल्यास आपली तक्रार अधिक नेमकी होते.

इतके करूनही वेग वरखाली होत असेल तर ओबीएसच्या ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात, गर्दीनुसार बिटरेट आपोआप कमी-अधिक करण्याची सोय आहे. ती चालू करावी. चित्र थोडा वेळ धूसर होईल, पण थांबणार नाही.

५. एन्कोडर मागे पडत असेल तर

आमचा दोष हाच होता. उपाय पुढील क्रमाने करावेत. पहिल्याने भागल्यास दुसऱ्याकडे जाऊ नये.

प्रथम, एन्कोडर बदलावा. ‘एक्स२६४’ हा एन्कोडर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर भार टाकतो. गेल्या दशकभरातील बहुतेक संगणकांत याच कामासाठी स्वतंत्र भाग असतो: इंटेलचा ‘क्विक सिंक’, एनव्हीडियाचा ‘एनव्हेंक’ किंवा एएमडीचा तत्सम. ‘आउटपुट’ विभागात तो उपलब्ध दिसल्यास निवडावा. मुख्य प्रोसेसर बराच मोकळा होतो.

दुसरे, तो उपलब्ध नसल्यास एक्स२६४ची ‘प्रीसेट’ ‘व्हेरीफास्ट’वरून ‘सुपरफास्ट’ करावी. येथे नावाचा घोटाळा होतो. जितके नाव वेगवान तितके काम कमी व सुबकता थोडी कमी. ‘स्लो’ निवडल्याने संगणकास विश्रांती मिळत नाही. उलट त्याचे श्रम वाढतात.

तिसरे, चित्राचा आकार कमी करावा. १०८० रेषांच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० कण असतात, ७२० रेषांच्या फ्रेममध्ये ९,२१,६००; म्हणजे निम्म्याहून कमी. गती ६० असेल तर ३० करावी. मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्यास हा फरक क्वचितच जाणवतो. थांबलेले चित्र मात्र प्रत्येकास जाणवते.

चौथे, उष्णता. माळव्यातील मे महिन्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते. तापलेला प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपली गती कमी करतो. प्रक्षेपण पहिला अर्धा तास उत्तम आणि नंतर अडखळू लागते, तर हेच कारण समजावे. पंख्यातील धूळ काढावी, लॅपटॉप गादीवर वा सतरंजीवर न ठेवता टेबलावर ठेवावा, चार्जर जोडलेला असावा आणि विजेची बचत करणारी योजना बंद करावी.

६. चित्र रचण्यास विलंब होत असेल तर

हा दोष बहुधा अतिउत्साहाने ओढवतो. चित्राच्या कडेस तोरण, खाली सरकती अक्षरे, कोपऱ्यात हलणारी समई, देणगीचा फलक, घड्याळ. यांपैकी प्रत्येक गोष्ट सेकंदास ३० वेळा रचावी लागते. संकेतस्थळावरून आणलेले हलते घटक विशेष जड असतात. अनावश्यक ते काढून टाकावे. विंडोज वापरणाऱ्यांनी ओबीएस ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवावे. त्यामुळे ग्राफिक्स यंत्रणेत त्यास अग्रक्रम मिळतो. त्याच संगणकावर प्रक्षेपण कसे दिसते हे पाहत बसू नये. ते मोबाइलवर पाहावे.

७. तिन्ही आकडे शून्य, तरीही चित्र अडखळते

येथे कॅमेऱ्याकडे पाहावे. गाभाऱ्यात उजेड कमी असतो. वेबकॅम अशा वेळी चित्र उजळ करण्यासाठी प्रत्येक फ्रेम अधिक काळ टिपतो, आणि सेकंदास ३० ऐवजी १५ किंवा त्याहूनही कमी फ्रेम देतो. ओबीएसच्या दृष्टीने काहीच गळालेले नसते; कारण त्या फ्रेम जन्मासच आलेल्या नसतात. कॅमेऱ्याच्या मांडणीतील आपोआप एक्स्पोजर, तसेच मंद प्रकाशातील भरपाई बंद करावी आणि कॅमेऱ्यास न दिसेल असा एक सौम्य दिवा मूर्तीच्या दिशेने लावावा. आरतीच्या वेळी विजेचे दिवे मालवण्याची आपली रीत आहे; त्या वेळी हा एक दिवा तेवढा राहू द्यावा.

दिवे लुकलुकताना दिसत असतील तर तो फ्रेम गळण्याचा प्रकार नव्हे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा ६० वर असेल तर तो ५० वर आणावा.

दोन कॅमेरे एकाच यूएसबी हबला जोडणेही टाळावे. जुन्या यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदास ४८० मेगाबिट. १०८० रेषांचे अनाकुंचित चित्र ३० फ्रेमने पाठवावयाचे तर सुमारे ९९५ मेगाबिट लागतात. म्हणून कॅमेऱ्याच्या मांडणीत ‘एमजेपेग’ हा आकुंचित प्रकार निवडावा व प्रत्येक कॅमेरा संगणकाच्या स्वतंत्र छिद्रात जोडावा.

८. दोष पाहणाऱ्याकडे असेल तर

तक्रार येताच मांडणी बदलू नये. प्रथम दोन निरनिराळ्या गावांतील भाविकांना विचारावे. एकासच त्रास होत असेल तर त्याची जोडणी क्षीण आहे; त्यास चित्राची प्रत कमी करून पाहण्यास सांगावे. सर्वांनाच होत असेल तर दोष आपला. यूट्यूबवर विलंबाचे जे पर्याय असतात त्यांपैकी ‘नॉर्मल’ निवडावा. दर्शन काही सेकंद उशिरा पोहोचते, परंतु पाहणाऱ्याजवळ शिल्लक साठा राहतो व लहानसहान खंड त्यास जाणवत नाहीत. प्रश्नोत्तरे नसलेल्या कार्यक्रमात हा विलंब निरुपद्रवी आहे.

९. उज्जैनकरांसाठी विशेष सूचना

श्रावण-भाद्रपदातील महाकालाच्या सवारीचे सोमवार, तसेच वर्षातून एकदाच उघडणाऱ्या नागचंद्रेश्वराच्या दर्शनाची नागपंचमी, या दिवशी शहरात अफाट गर्दी असते आणि मोबाइलच्या मनोऱ्यांवर मोठा भार पडतो. त्या दिवशी मोबाइलच्या जोडणीवर विसंबू नये. २०२८ च्या सिंहस्थासाठी ज्यांना घरून काही दाखवावयाचे असेल त्यांनी तारेने येणाऱ्या जोडणीची व्यवस्था आताच करावी. पहाटेची काकडआरती सुरळीत व रात्रीची शेजारती अडखळते, असा अनुभव असल्यास तेही गर्दीचेच लक्षण समजावे. रात्रीसाठी बिटरेट कमी ठेवावा. वीज गेल्यास संगणकाबरोबर राऊटरही इन्व्हर्टरवर चालेल, याची खात्री करावी.

१०. उत्सवापूर्वीची तपासणी

• आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच दिव्यांत, खासगी प्रक्षेपण करून किमान अर्धा तास पाहावे.
• त्यात मुद्दाम फुले उधळावीत, दिवे मालवावेत, चार माणसे कॅमेऱ्यासमोरून न्यावीत.
• तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत.
• एका वेळी एकच बदल करावा व पुन्हा पाहावे.
• उत्सवाच्या दिवशी सकाळी विंडोजचे किंवा ओबीएसचे नवे आवर्तन चढवू नये.
• प्रक्षेपणाबरोबर मुद्रणही होत असल्यास त्याचा भार परीक्षेत धरलेला असावा.

समारोप

प्रक्षेपण नेहमी महत्त्वाच्या क्षणीच का थांबते, असे आम्हांस अनेकजण विचारतात. त्यात दैवाचा भाग नाही. त्याच क्षणी फुले उडतात म्हणून प्रोसेसर थकतो, दिवे मालवतात म्हणून कॅमेरा मंदावतो, पाहुणे छायाचित्रे धाडतात म्हणून चढता वेग आटतो. म्हणून व्यवस्था शांत कीर्तनाच्या मापाने न करता जन्मसमयाच्या मापाने करावी. १०८० रेषांचा हव्यास सोडून ७२० वर समाधान मानले, तर हा अवकाश घरातील जुन्या संगणकातही सापडतो.

आम्ही एन्कोडर बदलला, चित्राचा आकार घटविला, तोरणे काढली. नवा संगणक घ्यावा लागला नाही. दिनांक २१ एप्रिल २०२१ च्या रामनवमीसही दारे बंदच होती. माध्यान्ही फुले उधळली गेली आणि पाळणा हलताना दिसला. न्यू जर्सीहून त्याच भगिनींचा निरोप आला, तो या वेळी एकाच शब्दाचा होता: "दिसला."

आपल्या अडचणी कळविताना स्टॅट्समधील तीन आकडे अवश्य लिहावेत, ही नम्र विनंती.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता
उज्जैन